कागदी लेस : कात्री, डाय आणि कानस

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश व्हॅलेंटाइन-पत्रांवरील कागदी लेस कुणीतरी कात्रीने, जिवाचे कान करून कातरली असावी, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. या लेसच्या घडणीत कात्रीला जागाच नव्हती. नक्षी कोरलेल्या धातूच्या डायवर कागद दाबला की त्यावर बारीक उंचवटे उमटत. ते कानशीने अलगद घासले की तेवढ्याच जागी छिद्रे पडत आणि उरे ती जाळी. लंडनच्या डॉब्ज पेढीतील जोसेफ अॅडनब्रुक याला १८३४ मध्ये ही युक्ती साधली, असे सांगतात. १८४० मध्ये टपालदर एका पेनीवर आला आणि अशा पत्रांना मागणी वाढली. डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकाने १८६४ मध्ये व्हॅलेंटाइनच्या कारखान्यावर लेखच छापला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्या अंकांतील कादंबऱ्यांइतकेच या लेखाकडेही लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

ही लेस अटलांटिकपार गेली. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एस्थर हाउलंड १८४७ मध्ये माउंट होल्योकमधून शिक्षण पुरे करून घरी आली. एक इंग्लिश व्हॅलेंटाइन पाहून तिने स्वतः नमुने तयार केले. वडिलांचा कागद-लेखनसामग्रीचा व्यवसाय होता. भावाने ते नमुने फिरतीवर नेले. दोनशे डॉलरची आशा होती, मागणी आली पाच हजारांच्या वर, अशी कथा आहे. मग तिने मैत्रिणींना बोलावले आणि कामाची वाटणी केली: एकीने चित्रे कातरायची, दुसरीने पार्श्वभूमी मांडायची, तिसरीने चिकटवायचे.

या पत्रांना सरसकट 'हस्तनिर्मित' म्हटले जाते, ते आम्हांस खटकते. लेस डायची, चित्रे छापखान्यातली; हातांचा वाटा निवडीचा, जुळणीचा आणि डिंकाचा. तो वाटा कमी प्रतीचा मुळीच नाही, पण त्याचे नेमके नाव घ्यायला हवे. 'हात की यंत्र' या आपल्या समीक्षेतील आवडत्या द्वंद्वात तो वाटाच नेमका निसटतो. हाउलंडच्या अनेक पत्रांमागे लाल 'एच' हे अक्षर आढळते. चिकटवणाऱ्या मुलींची खूण मात्र कुठेच नाही.

पुढे जर्मनीतून रंगीत 'स्क्रॅप' चित्रे डायने कापलेलीच येऊ लागली, अरुंद कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली. ती नुसती तोडून घ्यायची. १८८१ मध्ये हाउलंडने आपला व्यवसाय जॉर्ज व्हिटनी याला विकला.