न्यूनमितीय पेरोव्स्काईट पदार्थांचा इतिहास आणि पुण्याचा सहभाग

प्रस्तावना

पुण्याच्या इतिहासकथनाचा आरंभ सामान्यतः कसबा पेठेपासून होतो. तेथील तांबट आळीतील धातुकामाची दखल शहराच्या इतिहासात घेतली जाते. परंतु पाषाण परिसरातील प्रयोगशाळांत अभ्यासल्या गेलेल्या नव्या पदार्थांचा विचार बहुधा विज्ञानशाखेपुरताच मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी उपयुक्त अशा न्यूनमितीय पेरोव्स्काईट पदार्थांच्या संशोधनातील पुण्याच्या सहभागाचे स्वरूप तपासले आहे.

पूर्वपीठिका

१८३९ मध्ये गुस्टाफ रोझ यांनी उरल पर्वतातील एका खनिजास लेव पेरोव्स्की यांचे नाव दिले. पुढे तशी स्फटिकरचना असणाऱ्या सर्वच पदार्थांना ते लागू झाले. सिझियम, शिसे व हॅलोजन यांची संयुगे वेल्स यांनी १८९३ मध्ये वर्णिली होती. त्यांची पेरोव्स्काईट रचना मात्र म्योलर यांनी १९५८ मध्ये दाखविली. असा स्फटिक अतिशय पातळ थरांच्या किंवा काही नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात मिळविल्यास तो न्यूनमितीय ठरतो व त्याचे प्रकाशीय आणि विद्युतीय गुणधर्म बदलतात. १९९९ मध्ये आयबीएमच्या कागन, मिट्झी व दिमित्राकोपुलोस यांनी कथिलयुक्त थररूप पेरोव्स्काईटपासून ट्रान्झिस्टर बनविला. २००९ मध्ये जपानमधील मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट सादर केला आणि त्यानंतरच्या दशकात या पदार्थवर्गाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

पुण्यातील संशोधन

पुण्यात यासाठी आवश्यक भूमी आधीच तयार होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. १९९० च्या दशकात तत्कालीन पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी अर्धसंवाहकांच्या नॅनोकणांवर संशोधन केले. २००६ मध्ये ‘आयसर’ ही संस्था स्थापन झाली. झुरिक येथील कोवालेंको यांच्या गटाने २०१५ च्या आरंभी सिझियम-शिसे हॅलाइडचे नॅनोस्फटिक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आयसरमधील डॉ. अंगशुमन नाग व सहकाऱ्यांनी, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या (आयआयटी) सहकार्याने, या वर्गातील ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांची प्रकाशदीप्ती सुमारे ९० टक्के असल्याचे दाखविले. विशेष म्हणजे त्यासाठी पारंपरिक पुंजबिंदूंप्रमाणे दुसऱ्या पदार्थाचे कवच आवश्यक नव्हते.

२०१६ मध्ये याच परंपरेतील अभिषेक स्वर्णकार यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत तेथील संशोधकांसह पुढील टप्पा गाठला. सिझियम-शिसे आयोडाइडचे सौरघटास उपयुक्त काळे रूप एरवी उच्च तापमानासच टिकते. सामान्य तापमानास ते पिवळे व निरुपयोगी होते. कणांचा आकार नॅनोमीटरपर्यंत घटविल्याने ते काळे रूप टिकून राहिले व सौरघटाची कार्यक्षमता १०.७७ टक्के भरली. म्हणजेच मिती घटविणे हाच स्थैर्याचा उपाय ठरला.

निष्कर्ष

२०१६ चा शोध केवळ पुण्याचा म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यातून पुण्यास वगळणे अन्यायाचे ठरेल. संशोधक शहराबाहेर गेला तरी त्याची प्रश्न विचारण्याची पद्धती आपल्या प्रयोगशाळेतच घडलेली असते. शिशाची विषाक्तता व आर्द्रतेपुढील दुर्बलता हे प्रश्न शिल्लक असल्याने हा इतिहास अपूर्णही आहे. म्हणूनच श्रेयाच्या दाव्यांपेक्षा प्रयोगवह्या, उपकरणांच्या नोंदी व संशोधकांच्या मुलाखती यांचे जतन अधिक निकडीचे आहे. प्रसिद्ध शोधनिबंधांतून निष्कर्ष कळतात. फसलेले प्रयत्न कळत नाहीत, आणि इतिहासकारास दोहोंची गरज असते.