चाल कुणाची?

गेल्या वर्षी आम्ही दोघे सहकारी नृसिंहवाडीला गेलो होतो. घाटाच्या पायऱ्यांवर एक भजनी मंडळ बसले होते. मंडळातल्या बायकांनी दत्ताचे एक पद धरले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. शब्द दत्ताचे, पण चाल 'संगीत स्वयंवर'मधल्या रुक्मिणीची! भजन आटोपल्यावर त्यांच्यातल्या एका आजींना आम्ही विचारले, "ही चाल नाटकातली ना हो?" आजींनी टाळ पिशवीत ठेवता ठेवता उत्तर दिले, "चाल देवाची. नाटकवाल्यांनी नेली असेल."

त्या वेळी आम्ही हसलो. 'स्वयंवर' गंधर्व नाटक मंडळीने 1916 साली रंगभूमीवर आणले आणि त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या, हे मराठीच्या अध्यापकाला पाठ असते. परंतु घरी परतल्यावर आजींचे उत्तर आमचा पिच्छा सोडीना. नाट्यपदाचा इतिहास आपण ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीतच काही उणीव आहे, असे आम्हांला वाटू लागले. ती उणीव मांडण्याचा हा प्रयत्न.

मराठी संगीत नाटकाची जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना एक गोष्ट आठवेल. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग आणि ताल यांच्यासोबत 'चाल' छापलेली असते, आणि तिच्यापुढे ज्या मूळ गीतावर पद बेतले त्याचे आरंभीचे शब्द असतात. म्हणजे नाटककारच सांगत असे की हे शब्द माझे, पण हा सूर मी दुसरीकडून आणला आहे. पुढे निवडक पदांचे संग्रह निघाले, पाठ्यपुस्तकांत पदे आली, आणि ती बारीक ओळ पुष्कळदा गळाली. पद 'कविता' झाले. त्याला एकच कर्ता उरला.

वस्तुतः ती ओळ म्हणजे एक प्रवासवर्णनच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाले आणि 'सौभद्र' 1882 साली आले. या नाटकांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनकारांच्या नित्य वापरातली वृत्ते पदोपदी भेटतात. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कानडी चालीही त्यांच्या कानात होत्या आणि त्या नाटकांत उतरल्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पदे मुख्यतः सूत्रधारच म्हणत असे. किर्लोस्करांनी ती पात्रांच्या तोंडी घातली. प्रेक्षकाला नाटक नवे वाटले, परंतु सूर परके वाटले नाहीत. देवळातल्या कीर्तनात ते त्याने ऐकलेलेच होते. आजींचे म्हणणे येथवर तरी खरे ठरते.

पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनया'पासून (1896) पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला (1911) कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा पूरब अंगाच्या ठुमरीचा रंग मराठी पदाला चढला. 'स्वयंवरा'त भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. बनारसची नायिका आणि दिल्ली-आग्र्याचे उस्ताद यांचे सूर विदर्भाच्या रुक्मिणीच्या कंठात कसे आले, असा प्रश्न एकाही प्रेक्षकाने विचारला नाही. तो विचारावासा वाटू नये, हेच त्या चालकारांचे यश होते.

या प्रवासातली आम्हांला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट 'एकच प्याला'ची आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले. नाटक रंगभूमीवर आले 20 फेब्रुवारीला, बडोद्यात. त्यातली पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. आणि चाली पुण्याच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. सिंधू म्हणजे मराठी रंगभूमीवरील पातिव्रत्याची मूर्ती. तिचे दुःख प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणी, ते बालगंधर्वांच्या गळ्यातून. पण ज्या सुरांतून ते दुःख वाहत होते, ते आले होते बैठकीत गाणाऱ्या एका स्त्रीकडून. त्या काळच्या कुलीन घरांत सिंधूची पदे गुणगुणली जात. सुंदराबाईंसारख्या गायिकेला मात्र त्याच घरांत सहज प्रवेश मिळाला नसता. नाटक गडकऱ्यांचे, पदे गुर्जरांची, गळा बालगंधर्वांचा, सूर सुंदराबाईंचा; आणि परीक्षेत आपण विचारतो, 'गडकऱ्यांच्या नाट्यपदांचे विशेष सांगा'!

आता पुन्हा वाडीकडे वळू. वाडीपासून पलीकडच्या तीरावरचे कुरुंदवाड हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे जन्मगाव. जन्म 1872 चा, वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटून या मुलाची दृष्टी अधू झाली. शाळेची वाट बंद झाली आणि तो मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेला. पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे ते हेच पलुसकर. संगीताला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यांनी जुन्या बंदिशींतले शृंगारिक शब्द काढून तेथे भक्तीचे शब्द घातले. याचे कौतुक झाले, टीकाही झाली.

परंतु नीट पाहिले तर नाटकवाले आणि पलुसकर एकच कृती करीत होते. सूर ठेवायचा, शब्द बदलायचे. एकाने बैठकीतला सूर उचलून सिंधूला दिला, दुसऱ्याने तो देवाला दिला. दोघांनाही तो सूर हवा होता, आणि तो ज्यांनी जपला त्यांचे नाव सांगताना दोघांच्याही परंपरेने हात आखडता घेतला. पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन 1922 साली गंधर्व नाटक मंडळीत गेले आणि 1932 साली बाहेर पडून त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. विद्यालय आणि रंगभूमी यांच्यामधली भिंत एका माणसाच्या आयुष्यातही फारशी उंच नव्हती, याचाच हा पुरावा.

आणखी एक योग. श्रीनृसिंहसरस्वतींनी बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर आपल्या पादुका ठेवून वाडी सोडली, ती आश्विन वद्य द्वादशीला, अशी श्रद्धा आहे. ती गुरुद्वादशी वाडीला मोठ्या उत्सवाची. नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीत आले, तो दिवसही गुरुद्वादशीचाच. यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ज्या मुलुखात नाटक कंपनीत प्रवेश करण्याचा मुहूर्त दत्तसंप्रदायाच्या सणावरून ठरतो, तेथे देवळाचा सूर कोणता आणि नाटकाचा कोणता, हे वेगळे काढू पाहणारा अभ्यासकच हास्यास्पद ठरण्याचा संभव अधिक.

तेव्हा आजींना आता काय उत्तर द्यावे? 'स्वयंवरा'ची ती चाल वाडीहून नेलेली नव्हती, हे खरे. परंतु चाल कुणा एकाची मालमत्ता असते, हा आमचा समजही तितकासा खरा नव्हता. बंदिशीतून ती रुक्मिणीकडे आली, रुक्मिणीकडून भजनी मंडळाकडे गेली. कंपन्या मोडल्या, पडदे जीर्ण झाले, तरी ती कृष्णाकाठच्या पायऱ्यांवर नांदते आहे. आजींनी नाटक पाहिले नसेलही. नाटकाचा जिवंत उरलेला भाग मात्र त्यांच्याच गळ्यात होता.

पण 'चाल देवाची' एवढ्यावर अध्यापकाने थांबू नये. देवाच्या नावावर घातले की भास्करबुवाही विसरता येतात आणि सुंदराबाई तर आधीच विसरल्या गेल्या आहेत. म्हणून या सत्रापासून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. वर्गात नाट्यपद शिकवताना फळ्यावर आधी ती गळालेली बारीक ओळ लिहितो: राग, ताल, चाल. आणि जेथे चाल देणाऱ्याचे नाव ठाऊक आहे, तेथे ते नाव कवीच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहितो.