घराण्यांची आठवण ठेवणारे रियासतकार

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळे रिकामे होतात. पितळेची भांडी चिंचेला लागतात, गाद्या उन्हात पडतात, आणि माळ्याच्या पार आतल्या अंगाला, मोडक्या पाळण्याच्या आणि जुन्या कंदिलांच्या मागे, एखादे फडक्यात बांधलेले गाठोडे हाती येते. वरची गाठ सोडली की धूळ उडते आणि आतून जाड, पिवळट कागद बाहेर पडतात. अक्षर मोडी. घरात ते वाचणारे कोणी उरलेले नाही. आजीला एवढेच ठाऊक असते की हे कागद मामंजींनी टाकू दिले नव्हते. सून म्हणते, याला वाळवी लागली आहे. मुले म्हणतात, रद्दीवाला दाराशीच उभा आहे. त्या गाठोड्याचे पुढे काय होते, हे त्या दिवशी घरात कोणाला किती घाई आहे यावर अवलंबून असते.

आपल्याकडे पूर्वजांची आठवण ठेवण्याची शास्त्रोक्त सोय तीन पिढ्यांपुरती आहे. श्राद्धाच्या वेळी भटजी विचारतात: वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे. पणजोबापाशी अनेक यजमान अडखळतात आणि कोपऱ्यातल्या काकांकडे पाहतात. मी वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारतो, तेव्हा चाळीसांतली चार-पाचच मुले पणजोबाचे नाव सांगू शकतात. पणजीचे तर सहसा एकही नाही. त्र्यंबकेश्वरास किंवा काशीस गेले तर तीर्थोपाध्याय आपली वही काढतात आणि आपल्याला ठाऊक नसलेला खापरपणजोबा कधी येऊन गेला ते वाचून दाखवतात. यजमान थक्क होतो, दक्षिणा देतो आणि घरी येऊन विसरतो.

अशा या विसराळू समाजात एका माणसाने दुसऱ्यांच्या घराण्यांची आठवण ठेवण्यात पाऊणशे वर्षांच्या आसपास घालवली. गोविंद सखाराम सरदेसाई. लोक त्यांना रियासतकार म्हणत, जवळचे नानासाहेब म्हणत. १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या गावी त्यांचा जन्म झाला. सरदेसाई हे आडनाव वतनाचे. पण घरची परिस्थिती बेताची. रत्नागिरी, पुणे, मुंबई असे शिक्षण झाले, १८८८ साली ते बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पदरी लागले. महाराजांना वाचून दाखवायचे, राजपुत्रांना शिकवायचे, हे त्यांचे काम. महाराजांच्या सांगण्यावरून मॅकियाव्हेलीचे पुस्तक त्यांनी मराठीत आणले. शिकवण्यासाठी टिपणे काढता काढता त्यांतून १८९८ साली मुसलमानी रियासत झाली, १९०२ पासून मराठी रियासत निघू लागली, पुढे ब्रिटिश रियासत आली. रियासत हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत गेला तो या माणसामुळे.

ज्या धन्याची त्यांनी छत्तीस वर्षे चाकरी केली तो धनीच मुळी एका वंशावळीमुळे गादीवर आला होता, ही मौजेची गोष्ट आहे. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले, तेव्हा खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या शाखा शोधता शोधता लोक नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी पोहोचले. तिथे काशीरावांचा मुलगा गोपाळ शेतात वावरत होता. वय वर्षे बारा, अक्षरओळख नाही. त्या दूरच्या शाखेचा मुळाशी असलेला धागा जुळला आणि गोपाळाचे सयाजीराव झाले. अशा राजवाड्यात राहिलेल्या सरदेसायांना वंशावळीचे महत्त्व कोणी वेगळे समजावून सांगायला नको होते.

पण मराठी घराण्याची वंशावळ जुळवणे म्हणजे पोरखेळ नव्हे. पहिली अडचण नावांची. आजोबाचे नाव नातवाला द्यायचे ही आपली रीत. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. माधवराव पेशवे दोन, एक नानासाहेबांचे पुत्र आणि दुसरे त्यांचेच पुतणे, नारायणरावांचे पुत्र. एखाद्या पत्रावर नुसते ‘माधवराव’ असले तर कोणते समजायचे? पेशव्यांचे एक वेळ ठरवता येते, कारण त्यांच्याभोवती शंभर कागद आहेत. कोकणातल्या एखाद्या खोताच्या घरात चार पिढ्यांत दोन विसाजी आणि दोन हरी असले, म्हणजे भल्याभल्यांची मती गुंग होते.

दुसरी अडचण दत्तकांची. शिंद्यांचे घराणे पाहा. महादजी १७९४ साली वारले, त्यांच्यामागे आला दौलतराव, तो त्यांच्या भावाचा नातू. दौलतरावांच्या मागे १८२७ साली जनकोजी, तोही दत्तक. आणि १८४३ साली जयाजीराव, तेही दत्तक. कागदावर बाप-लेक अशी सरळ रेघ दिसते, पण रक्ताची रेघ बाजूबाजूने उड्या मारत जाते. दोन्ही रेघा दाखवल्या तरच वंशावळ खरी.

आणि तिसरी अडचण, जिच्याविषयी फार कमी बोलले जाते, ती बायकांची. लग्नात मुलीचे नाव बदलायचे, आणि वंशावळीत ना जुने लिहायचे ना नवे, असा आपला शिरस्ता. वास्तविक अर्धा इतिहास माहेरच्या नात्यांत असतो. राधाबाई बर्व्यांची, काशीबाई चासकर जोश्यांची, गोपिकाबाई रास्त्यांची, आनंदीबाई ओकांची, हे कळल्याशिवाय पेशवाईतली अर्धी राजकारणे उलगडत नाहीत. रास्ते एवढे मोठे कसे झाले, याचे उत्तर पुष्कळसे गोपिकाबाईंच्या नावाशी आहे.

तारखांचा घोळ तर निराळाच. जुन्या पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसते. वर्ष असलेच तर ते अरबी शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अकराशे एकसष्ट. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवावे की सहाशे, हे महिन्यावर ठरते, कारण हे वर्ष मृगाला बदलते. पौष महिन्यातले असेल तर सहाशे मिळवायचे; आले १७६१. पानिपताचे साल! चार रुक्ष शब्द, आणि त्यांच्या आड सारा महाराष्ट्र रडतो आहे. कितीतरी कुलवृत्तांतांत एखाद्या नावापुढे ‘पानिपतावर पडले’ एवढेच दोन शब्द दिसतात, आणि ती फांदी तिथेच संपते.

एवढे करून कागद हाती लागतील तर ना! १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, सनदा तपासल्या गेल्या, पुरावा नसलेल्यांची इनामे गेली. तेव्हापासून कागद हा शब्द ऐकला की घरमालक दचके. दाखवावा तर सरकारला कळेल, न दाखवावा तर वाळवी खाईल. भाऊबंदकीचे दावे चालू असतील तर बघायलाच नको. राजवाड्यांसारखा तापट तपस्वी गावोगाव हिंडला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्यांना चार दिल्या, आणि १८९८ पासून साधनांचे बावीस खंड उभे केले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण राजवाड्यांचा स्वभाव दुर्वास ऋषीचा. सरदेसाई अगदी दुसऱ्या मातीचे. त्यांच्यावर पुण्याचे विद्वान टीका करीत: हे संशोधक नव्हेत, संग्राहक आहेत, दुसऱ्यांनी खणलेले सोने हे नुसते ओतून घेतात. टीकेत थोडे तथ्य असेलही. परंतु मला वाटते, खणणारे पुष्कळ असले आणि ओतणारा कोणी नसला तर सामान्य माणसाच्या अंगावर दागिना चढत नाही. दुसऱ्याच्या हाती नवा कागद आला की सरदेसाई आपले छापलेले प्रकरण पुन्हा लिहायला बसत. स्वतःच्या पुस्तकाचा असा लोभ न धरणारे ग्रंथकार किती सापडतील?

या वृत्तीमुळेच त्यांना जन्माचा मित्र मिळाला. बंगालचे यदुनाथ सरकार फारसीचे पंडित. औरंगजेबाचा इतिहास लिहिताना त्यांना मराठी कागद हवे होते. सरदेसायांना फारसी येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो जवळजवळ अर्धशतक चालला. एकाने फारसी अखबारांतली माहिती पाठवायची, दुसऱ्याने मोडीतली. माझे-तुझे नाही. दोघे मिळून जुन्या लढायांची मैदाने पाहत हिंडले. शिवाजीमहाराजांविषयीच्या यदुनाथांच्या मतांवरून पुण्यात वादळे उठली, आणि त्यांच्या मित्रालाही त्या वादळाचा वारा लागला; पण मैत्री ढळली नाही. इतिहासकारांत मतभेद होऊनही कागदांची देवघेव चालू राहावी ही गोष्ट साधी नाही. आमच्याकडे मतभेद झाला की आधी कपाटाला कुलूप लागते.

१९२५ साली सरदेसाई निवृत्त झाले आणि मुंबई-पुणे रेल्वेवरच्या कामशेत या लहानशा स्टेशनाजवळ, इंद्रायणीकाठी राहायला गेले. त्याच साली त्यांचा मुलगा श्यामकांत वारला. शांतिनिकेतनात शिकलेला, जर्मनीस जाऊन रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला, हुशार मुलगा. साठ वर्षांच्या बापाने हे कसे सोसले असेल? त्यांनी मुलाची पत्रे जपली, लावली आणि १९३४ साली ‘श्यामकांतची पत्रे’ म्हणून छापली. हजारो अनोळखी माणसांची पत्रे तारीखवार लावलेल्या हातांनी स्वतःच्या मुलाची पत्रे तारीखवार लावली. मला रियासतीच्या साऱ्या खंडांहून हे एक पुस्तक अधिक जड वाटते.

या दुःखात बुडून जाण्याचे त्यांचे वय झाले होते. कोणी दोष दिला नसता. पण १९२९ च्या सुमारास मुंबई सरकारने पुण्यातल्या पेशवे दफ्तरातून निवडक कागद छापण्याचे ठरवले आणि ते काम सरदेसायांकडे आले. ज्या दफ्तराच्या दारातून संशोधकांना वर्षानुवर्षे परत फिरावे लागले होते ते दार उघडले. हजारो रुमाल. एकेका रुमालात शेकडो कागद, बरेचसे हिशेबाचे. मदतनीसांना हाताशी घेऊन चौसष्ट-पासष्ट वर्षांचा हा गृहस्थ कामाला लागला आणि १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंड बाहेर पडले. दुसरा खंड पानिपताचा. आणि केवळ लढायाच नव्हेत, पेशव्यांच्या घरगुती आयुष्याचे कागदही त्यांनी छापले: लग्नमुंजी, आजारपणे, बायकांची पत्रे. काम घाईचे झाले, निवडीत चुका राहिल्या, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणू द्या. त्या अभ्यासकांपैकी पुष्कळांच्या टेबलावर ते पंचेचाळीस खंडच उघडे होते. यदुनाथांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा चार भागांचा इतिहास लिहिला त्यालाही या खंडांचा आधार आहे.

पुढे दोघा मित्रांनी पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे संपादन हाती घेतले. १९४६ ते १९४८ मध्ये सरदेसायांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन भागांत लिहिला, ऐंशी उलटल्यावर! कामशेतच्या घरी यदुनाथ येत. त्यांचे शिष्य, माळव्यातल्या सीतामऊचे राजकुमार रघुवीरसिंह यांनाही या म्हाताऱ्या जोडीचा लळा होता. एक बंगाली, एक कोकणी, एक राजपूत. बोलणे कोणत्या भाषेत होत असेल कोण जाणे, पण विषय एकच असणार.

आणि मग १९५७. त्या वर्षी नानासाहेबांना पद्मभूषण मिळाले, ते वृत्तपत्रांत आले. त्याच वर्षी त्यांचे आणखी एक पुस्तक छापून निघाले: ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’. वाचायला बसावे असे हे पुस्तक नव्हे. त्यात कथा नाही, वर्णन नाही, मत नाही. नुसत्या रेघा आणि नावे. वरून खाली उतरणाऱ्या, फुटणाऱ्या, मध्येच थांबणाऱ्या रेघा. आयुष्यभर कागद चाळताना जो जो सापडला त्या त्या माणसाला त्याच्या बापाखाली आणि मुलांच्या वर नेऊन बसवायचे, एवढाच उद्योग. अशा पुस्तकाने लेखकाचे नाव होत नाही, पैसा तर मिळतच नाही. ज्याला गरज असते तो येतो, आपली ओळ शोधतो आणि पुस्तक मिटून जातो. ब्याण्णवाव्या वर्षी त्यांनी लोकांपुढे ठेवले ते हे पुस्तक.

आजही एखाद्या गावचा मास्तर गावच्या देशमुखांचा किंवा सरदारांचा इतिहास लिहायला बसला की आधी ही वंशावळ काढतो. मीही माझ्या एका कादंबरीसाठी काढली होती. दोन भावांपैकी थोरला कोण एवढेच मला हवे होते, आणि ते पाच मिनिटांत मिळाले. त्या पाच मिनिटांमागे कोणी किती रात्री जागवल्या असतील, याचा हिशेब त्या पुस्तकात कुठे दिलेला नाही.

यदुनाथ १९ मे १९५८ रोजी कलकत्त्यास वारले. सरदेसायांनी त्यानंतर दीड वर्ष काढले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतलाच त्यांचा अंत झाला. यदुनाथांनी त्यांना लिहिलेली पत्रे हरिराम गुप्त यांनी संपादून छापली आहेत. त्यांत राजेरजवाडे आहेत, लढाया आहेत, प्रकृतीच्या तक्रारी आहेत, आणि पानोपानी एकच विचारणा आहे: अमुक तारखेचा कागद तुमच्याकडे असेल तर नक्कल पाठवा.