ईस्टर आक्रमण, १९७२: हरलं कोण?

व्हिएतनाम युद्ध म्हटलं की आपल्याला आठवतो तो जंगलातला गनिमी कावा. पण मंडळी, ३० मार्च १९७२ ला उत्तर व्हिएतनामचं सैन्य रणगाडे आणि लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन उघडउघड दक्षिणेत घुसलं. मोहिमेला नाव दिलं न्गुयेन ह्युए, म्हणजे १७८९ मध्ये चिनी फौजेला पिटाळणाऱ्या सम्राटाचं. आता समोर होते व्हिएतनामीच, ही गोष्ट वेगळी!

१ मे रोजी क्वांग त्री शहर पडलं. सायगावच्या उत्तरेचं आन लॉक मात्र वेढ्यातही टिकलं. कसं? रणगाडे पायदळाला मागे टाकून गल्ल्यांत शिरायचे आणि खांद्यावरून डागलेल्या रॉकेटांना बळी पडायचे. वरून अमेरिकेची बी-५२ विमानं होतीच. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय शहर वाचलं नसतं. सप्टेंबरात दक्षिणेने क्वांग त्री परत घेतलं, पण घेतले ते ढिगारे.

मग उत्तर हरलं का? लढाईत हो. पण जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारात उत्तरेने दक्षिणेतलं सैन्य मागे घ्यावं, असं कलमच नव्हतं. दक्षिणेचे अध्यक्ष थ्यू यावरच अडून बसले होते. शेवटी त्यांनाही मान्य करावं लागलं. अमेरिकन सैनिक घरी गेले, उत्तरेचे तिथेच राहिले. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं, तेव्हा बी-५२ आल्या नाहीत.