१६ मेच्या पहाटेपर्यंत

गुरुवार, २२ एप्रिल २०२१ : सुमारे ५६० तास आधी

राज्यसभेचे खासदार राजीव सातव यांनी ट्विटरवरून कळवलं की सौम्य लक्षणं जाणवल्यामुळे करोनाची चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. त्या एप्रिलमध्ये असे निरोप इतके येत होते की वाचणारा क्षणभर थबकायचा आणि पुढे जायचा. माणूस ४६ वर्षांचा, हिंडता-फिरता. त्यांच्या हिंगोली जिल्ह्यात फारशी घबराट झाली नाही. ‘दहा-पंधरा दिवसांत भाऊ परत येतील,’ हीच भावना होती.

त्याच रात्री आठ वाजता राज्यात ‘ब्रेक द चेन’चे आणखी कडक निर्बंध लागू झाले. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, जिल्हा ओलांडायला सबळ कारण. आदल्या दिवशी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे विरारच्या एका रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. पाठोपाठ सातव पुण्यात जहांगीर रुग्णालयात दाखल झाले. हिंगोलीत कुणाचा आजार बळावला की घरचे नांदेडचा रस्ता धरतात. त्या दिवसांत नांदेडलाही खाट मिळेल याची खात्री नव्हती. पुण्यात उत्तम उपचार मिळतायत, याचा जिल्ह्याला दिलासा होता आणि तो खरा होता. पुढे जे घडलं ते उपचारांच्या अभावी घडलं नाही, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

बुधवार, २८ एप्रिल : सुमारे ४३० तास आधी

सातव यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. आता मात्र जिल्हा हादरला.

का हादरला, हे समजायला हिंगोली ठाऊक असावी लागते. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा काढलेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव, वसमतची हळद, कयाधूचं खोरं एवढ्यावर बाहेरच्या माणसाची ओळख संपते. मंत्रालयात मराठवाड्याचं नाव निघालं की आधी लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर. हिंगोलीची पाळी शेवटी, आणि बहुतेकदा येतच नाही. अशा जिल्ह्यातला कळमनुरीचा एक माणूस काँग्रेसच्या राष्ट्रीय निर्णयांच्या टेबलापाशी बसत होता. दिल्लीत आपलं गाऱ्हाणं ऐकणारं कुणी आहे, ही गोष्ट इथल्या माणसाला सहज मिळालेली नव्हती.

आई रजनीताई सातव आमदार आणि राज्यात मंत्री होत्या. घरात राजकारण होतं, हे खरंच. पण मुलगा पुण्यात कायद्याचं शिक्षण घेऊन परतला तो पंचायत समितीपासून चढत गेला. मग जिल्हा परिषद, २००९ला कळमनुरीची आमदारकी, २०१०ला भारतीय युवक काँग्रेसचं अध्यक्षपद. घराण्याचा आधार असतानाही खालची एकेक पायरी स्वतःच्या पायांनी चढणारे थोडे. पंचायत समितीत बसलेल्या माणसाला विहिरीचं अनुदान कुठल्या टेबलावर अडतं ते कळतं, आणि ते ज्ञान पुढे लोकसभेतही उपयोगी पडतं. संसदेतल्या कामासाठी त्यांना संसदरत्न पुरस्कार मिळाला, तो या घडणीचा परिणाम आहे असं मला वाटतं.

२०१७च्या गुजरात निवडणुकीत पक्षाने त्यांच्याकडे सौराष्ट्राची जबाबदारी दिली. पाटीदारांचं आंदोलन, भुईमूग आणि कापसाचे पडलेले भाव, शेतकऱ्याचा राग. हिंगोलीत सोयाबीन-कापसाचं दुखणं पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नसणार. काँग्रेस ६१वरून ७७ जागांवर गेली, भाजप ९९वर थांबला, आणि काँग्रेसला सर्वाधिक बळ मिळालं ते सौराष्ट्रातच. पुढे अख्ख्या गुजरातचे प्रभारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. २०१९ची लोकसभा त्यांनी लढवली नाही. मार्च २०२०मध्ये ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर बिनविरोध गेले.

आणि २१ सप्टेंबर २०२०. आदल्या दिवशी राज्यसभेत शेतीविषयक विधेयकं मतविभागणीशिवाय, आवाजी मतदानाने मंजूर झाली होती. त्या गदारोळावरून आठ खासदारांना उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित केलं गेलं. त्यांत सातव होते. आठही जणांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याजवळ हिरवळीवर रात्र काढली. सकाळी उपसभापती हरिवंश त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. २१ सप्टेंबर हा सातव यांचा वाढदिवस. वयाची ४६ वर्षं पूर्ण झाली ती रात्र त्यांनी उघड्यावर, शेतकऱ्यांच्या प्रश्नासाठी काढली. त्या विधेयकांबद्दल कुणाचं मत काहीही असो, मतदान मागणाऱ्या खासदाराला सभागृहाबाहेर बसावं लागलं ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, आजही खटकते.

सोमवार, १० मे : सुमारे १४० तास आधी

करोनाची चाचणी निगेटिव्ह आली.

हा शब्द त्या दिवसांत घराघरांत पेढ्यासारखा वाटला जायचा. कळमनुरीत, हिंगोलीत, वसमतला फोन फिरले. देवळांत, दर्ग्यांत नवस बोललेली माणसं आता फेडायच्या तयारीला लागली असतील. पण निगेटिव्ह म्हणजे विषाणू सापडला नाही, एवढंच. त्याने फुप्फुसांची जी नासधूस करून ठेवली ती तशीच असते. श्वासाच्या नळीवर आठवडे काढलेलं शरीर थकलेलं असतं, आणि नळी हीच नव्या जंतूंना आत शिरायची वाट ठरू शकते. गंभीर कोविडमध्ये जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड वापरली जातात. शरीराची प्रतिकारशक्ती बेभान होऊन स्वतःच्याच फुप्फुसांवर तुटून पडते, तिला ती आवरतात. आवरलेली प्रतिकारशक्ती मग दुसरा शत्रू आला तर तोकडी पडू शकते. डॉक्टरांना दोन्ही बाजूंचा तोल एकाच वेळी सांभाळावा लागतो.

दुसऱ्या लाटेत किती घरांनी ‘निगेटिव्ह आला’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला आणि चार दिवसांत माणूस गमावला, ते मराठवाड्यातल्या गावोगावच्या लोकांना विचारावं. या घटनाक्रमातला सगळ्यांत क्रूर दिवस मला हा १० मेच वाटतो.

शनिवार, १५ मे : शेवटचा दिवस

आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी माध्यमांना सांगितलं की सातव यांच्या शरीरात सायटोमेगालोव्हायरस आढळला आहे आणि प्रकृती चिंताजनक आहे. हे नाव बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. काहींना तो करोनाचाच नवा अवतार वाटला. तो तसा नाही. कांजिण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात त्याच्याच कुळातला हा. बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणीच कधीतरी शिरलेला असतो आणि जन्मभर निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती खचली की उठतो, फुप्फुसं धरतो. म्हणजे ज्याच्यापासून जपायचं तो बाहेरून आलाच असेल असं नाही. तो आधीपासून आत असू शकतो.

त्या संध्याकाळी अरबी समुद्रात तौक्ते चक्रीवादळ घोंगावत होतं. बातम्यांचा पडदा वादळाने आणि बाधितांच्या आकड्यांनी भरला होता. हिंगोलीतली माणसं मात्र पुण्याहून येणाऱ्या एकाच बातमीची वाट बघत जागी होती.

रविवार, १६ मे, पहाटे पाचच्या सुमारास

राजीव सातव गेले.

१६ मे ही तारीख हिंगोलीला आधीच ठाऊक होती. सात वर्षांपूर्वी, २०१४च्या १६ मेला, शुक्रवारी सकाळी आठ वाजता लोकसभेची मतमोजणी सुरू झाली होती. दुपारपर्यंत देशभर काँग्रेस कोसळली, ४४ जागांवर आली. महाराष्ट्रात ४८पैकी दोनच जागा हाती राहिल्या. एक नांदेडची, अशोक चव्हाणांची. दुसरी शेजारची हिंगोली. सातव यांना ४,६७,३९७ मतं, शिवसेनेच्या सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५. फरक १,६३२ मतांचा. नऊ लाखांहून अधिक मतं दोघांत वाटली गेली आणि निकाल एखाद्या मोठ्या गावच्या यादीएवढ्या मतांवर ठरला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, तिकडे हदगाव, किनवट आणि यवतमाळातलं उमरखेड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या मतदारसंघाने लाटेच्या विरुद्ध जाऊन आपला माणूस दिल्लीला पाठवला होता. पक्षावर एवढी आपत्ती आली त्या दिवशी हा माणूस तरला. सात वर्षांनी तीच तारीख उजाडली तेव्हा पक्षाला, जिल्ह्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

सकाळी बातमी पसरली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही शोक व्यक्त केला, संसदेतले सहकारी गहिवरले, राहुल गांधींनी जवळचा मित्र गमावला. त्या दिवसांत रोज हजारो घरांतून माणूस उठत होता. खासदाराचं घर त्यातलं एक. म्हणूनच कदाचित हा मृत्यू परका वाटला नाही. ज्यांच्या घरचं माणूस महिन्याभरात गेलं होतं त्यांना सातवांच्या घरात काय चाललं असेल ते कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमवार, १७ मे, सकाळ

कळमनुरीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. निर्बंध होते, संसर्गाची भीती होती, तरी लोक आले. ज्या गर्दीवर त्यांचं राजकारण उभं होतं तिला त्या सकाळी दूर उभं राहायला सांगावं लागलं. मंत्री आले, पक्षाचे प्रदेशाध्यक्ष आले. त्याच रात्री तौक्ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीव-उनाच्या पट्ट्यात आदळलं. २०१७मध्ये सातव यांनी ज्या मुलखात पक्षाची बांधणी केली होती तिथले आंबे-नारळ त्या रात्री आडवे झाले.

सातव यांची राज्यसभेची मुदत एप्रिल २०२६पर्यंत होती; त्यांना मिळालं जेमतेम वर्ष. ज्या कायद्यांना विरोध करत त्यांनी वाढदिवसाची रात्र हिरवळीवर काढली ते मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ला झाली, आणि महिना संपण्याआधी संसदेने ते रद्दही केले. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पत्नी प्रज्ञा सातव विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आल्या.