जीपची चौकट, फियाटचा पत्रा

वैनगंगेकाठचे पवनी बौद्ध स्तूपांच्या १९६९-७० मधील उत्खननामुळे अभ्यासकांना परिचित आहे. परंतु मोटारदुरुस्तीच्या इतिहासातही अशा तालुक्याच्या गावांचा विचार मुंबईइतक्याच आस्थेने व्हायला हवा, कारण कारखान्यापासून दूर असलेल्या ठिकाणी मोटारीचे आयुष्य स्थानिक कारागिराच्या हातावरच अवलंबून असे.

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ चाललेल्या वाहनांपैकी एक म्हणजे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळणी केलेली जीप, आणि दुसरे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातली फियाट ११००, जी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. दोहोंच्या मागच्या एक्सलवर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असे, आणि पाट्यांची उसळी शमवण्यासाठी शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे तेलातून सरकणाऱ्या दट्ट्याचे नळकांडे जोडलेले असे. मुलुंडच्या गॅब्रिएल कंपनीने १९६१ पासून ही नळकांडी देशातच बनवल्याने ती बदलणे सुकर झाले. ती ज्या जागी अडकवायची ते माउंटिंग मात्र गाडीचाच भाग असल्याने दुरुस्त करूनच वापरावे लागे.

इथे दोन कसबे वेगळी होतात. जीपचे वरचे माउंटिंग जाड पोलादी चौकटीवर, म्हणजे चेसिसवर असल्याने तुटलेला कंस वेल्डिंगने पुन्हा बसवणे लोखंडकाम जाणणाऱ्याच्या आवाक्यातले होते. फियाटला स्वतंत्र चेसिस नव्हती, बॉडीच सारा भार पेलत असे. म्हणून रबरी बुश झिजून बोल्टचे भोक लांबट झाले, भोवतालच्या पत्र्याला चीर गेली आणि पावसाळ्यातील चिखलाने तो आतून गंजला, की केवळ वरून ठिगळ लावणे धोक्याचे ठरे. जाणता पत्रा-कारागीर निरोगी धातू लागेपर्यंत सडका भाग कापे, पेट्रोलची टाकी जवळ असल्यास आधी उतरवून ठेवी, नवा तुकडा ठोकून मूळ वळणाचा घडवी, गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून थोड्या थोड्या अंतराने टाके देई आणि शेवटी रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात फिरवी. या कामात दिसणारा संयम हीच त्या व्यवसायाची सर्वांत मौल्यवान कमाई होती, आणि तिची नोंद फार थोड्यांनी घेतली.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. खासगी मालकांनी जपलेल्या गाड्यांच्या मागच्या माउंटिंगसाठी पत्रा कापून बसवण्याचे काम मात्र अद्याप याच पद्धतीने करावे लागते.