आरसी गाड्यांच्या शूटिंगसाठी छोटा कॅमेरा कसा निवडायचा?

रिमोट कंट्रोलची गाडी, म्हणजे आरसी कार, घेतली की पहिल्याच आठवड्यात तिचा व्हिडिओ काढावासा वाटतो. मोबाइलने काढून बघितला की निराशा होते. गाडी फ्रेमच्या कोपऱ्यात मुंगीएवढी दिसते, वळणावर धूसर होते, आणि मोबाइल गाडीवर बांधला तर चित्र जेलीसारखं हलतं. मग छोटा कॅमेरा शोधायला बर्डीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन फेरी सुरू होते. तिथे प्रत्येक डब्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं आणि किंमत दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत असते. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आधी काय तपासायचं, ते बघू.

आधी ठरवा: कॅमेरा कुठे असणार?

हा प्रश्न ब्रँडच्या आधीचा आहे. शूटिंगचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींसाठी लागणारं यंत्र वेगळं.

१) ट्रॅकच्या बाजूने: तुम्ही किंवा मित्र उभा राहून गाडी टिपणार. गाडी २०-३० मीटरवर गेली की ऑप्टिकल झूम लागतो. डिजिटल झूम म्हणजे चित्र नुसतं कापून मोठं करणं, त्यात तपशील वाढत नाही. इथे जुन्या पद्धतीचा कॅमकॉर्डर, ज्याला आपण सरसकट ‘हॅंडीकॅम’ म्हणतो, आजही कामाचा आहे. उदाहरणार्थ, सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये ३० पट ऑप्टिकल झूम आहे आणि तो फुल एचडीत सेकंदाला ५० फ्रेम घेतो. असे मॉडेल सेकंडहँडही मिळतात.

२) गाडीवर बसवून: इथे झूम नको. वजन कमी, लेन्स रुंद आणि फोकस स्थिर असलेला अ‍ॅक्शन कॅमेरा हवा.

एकाच कॅमेऱ्याने दोन्ही कामं नीट होत नाहीत. बजेट एकाचंच असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा घ्या. तो जमिनीवर, वळणाच्या अगदी जवळ ठेवून बाजूचं शूटिंगही बऱ्यापैकी जमतं.

वजन: गाडी उलटण्याचं पहिलं कारण

गोप्रो हिरो १२ ब्लॅक साधारण १५४ ग्रॅमचा आहे. २०२४ चा छोटा गोप्रो हिरो ८६ ग्रॅमचा, तर इन्स्टा३६० गो ३एस फक्त ३९ ग्रॅमच्या आसपास. १/१० स्केलच्या दीड-दोन किलोच्या ट्रकला १५० ग्रॅम जड वाटणार नाहीत. पण तेच वजन छतावर, उंच दांडीवर लावलं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी पहिल्याच वळणावर पलटी मारते. कॅमेरा शक्य तितका खाली, चेसिसच्या जवळ लावा. १/२४ स्केलच्या छोट्या क्रॉलरवर ४० ग्रॅमच्या वर जाऊ नका.

सेकंदाला किती फ्रेम?

आरसी गाडीचा व्हिडिओ ‘खेळण्यासारखा’ का दिसतो? गाडी दहापट छोटी असली तरी गुरुत्वाकर्षण तेच असतं. १/१० स्केलची गाडी ४५ सेंटिमीटर उंचीवरून साधारण ०.३ सेकंदात खाली येते. खरी गाडी त्याच प्रमाणात, म्हणजे साडेचार मीटरवरून, पडायला जवळजवळ एक सेकंद घेते. छोट्या गाडीच्या हालचाली म्हणूनच खऱ्या वाटत नाहीत.

सिनेमात मिनिएचर शूट करताना यावर एक नियम वापरतात: स्केलच्या वर्गमुळाइतकं चित्र संथ करा. १/१० साठी साधारण ३.२ पट, १/८ साठी २.८ पट, १/२४ साठी ४.९ पट. तुमचा अंतिम व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर १/१० स्केलला ८० फ्रेम लागतात. म्हणजे १०० किंवा १२० फ्रेमचा पर्याय असलेला कॅमेरा हवा. १/२४ ला १२० फ्रेम जेमतेम पुरतात.

म्हणूनच ‘४के ३० फ्रेम’ पेक्षा ‘फुल एचडी १२० फ्रेम’ आपल्या जास्त कामाचं आहे.

शटर आणि प्रकाश

ताशी ४० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. शटर १/५० सेकंद असेल तर तेवढ्यात ती २२ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १/१० स्केलच्या गाडीची जवळजवळ अर्धी लांबी. साहजिकच चित्र पुसट होतं. १/५०० ला ती फक्त २.२ सेंटिमीटर सरकते. शटर हाताने ठरवता येतं का, हे दुकानातच मेनू उघडून बघा.

हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली शूट करायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्यात ‘पाल’ किंवा ‘५० हर्ट्झ’ निवडा, फ्रेम २५, ५० किंवा १०० ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. नाहीतर व्हिडिओत काळे पट्टे फिरतात. कॉलेजच्या टेक फेस्टमधल्या इनडोअर शर्यतींचे बरेच व्हिडिओ एवढ्याच कारणाने वाया जातात.

जेलीसारखं हलणारं चित्र

छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम न वाचता वरून खाली, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात मोटरच्या कंपनाने कॅमेरा हलला की सरळ रेषा वाकड्या होतात. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन हातातला किंवा रस्त्याचा धक्का कमी करतं, पण ही बारीक, वेगवान थरथर पूर्ण घालवू शकत नाही. उपाय यांत्रिक आहे: कॅमेऱ्याखाली मऊ फोम किंवा रबराचा तुकडा, आणि चाकं नीट बॅलन्स केलेली. नुसत्या घट्ट झिप-टायने बांधला तर कंपन सरळ कॅमेऱ्यात उतरतं.

वायफाय बंद ठेवा

बहुतेक आरसी रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि अनेक कॅमेऱ्यांचं वायफायही त्याच पट्ट्यात असतं. कॅमेरा रिसीव्हरला चिकटून असेल तर सिग्नलची रेंज कमी होऊ शकते. पळती गाडी हाताबाहेर गेली तर समोर एखादं लहान मूलही असू शकतं. शूट करताना वायफाय बंद, आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून कॅमेरा लांब.

नागपूरचं ऊन आणि धूळ

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात जमिनीवर ठेवला की रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. धावत्या गाडीवर वारा लागतो, ठेवलेल्या कॅमेऱ्यावर नाही. मोकळ्या मैदानातल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. लेन्सची काच बदलता येणारं मॉडेल घ्या, आणि धूळ कपड्याने पुसायच्या आधी ब्लोअरने उडवा, नाहीतर ओरखडे पडतात.

उडणारं मॉडेल असेल तर

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेले बरेच जण पुढे स्वतःची विमानं करतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं मॉडेल ‘नॅनो’ वर्गात येतं, त्यावर ‘मायक्रो’. २३० ग्रॅमच्या विमानावर ३९ ग्रॅमचा कॅमेरा चढवला की वर्ग बदलला. शिवाय सोनेगावचं विमानतळ शहराला लागूनच आहे. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा.

दुकानात काय तपासाल?

स्वस्त कॅमेऱ्यांतलं ‘४के’ पुष्कळदा कमी पिक्सेलचं चित्र ताणून केलेलं असतं. स्वतःचं मेमरी कार्ड न्या, एक मिनिट रेकॉर्ड करा आणि फाइलची माहिती बघा. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ७५० एमबी होतं. ‘४के’ ची एका मिनिटाची फाइल १०० एमबीपेक्षाही छोटी निघाली तर संशय घ्या. कार्ड ‘व्ही३०’ खुणेचं घ्या. ६४ जीबीत असं रेकॉर्डिंग जवळपास ८५ मिनिटं मावतं. गाडीची बॅटरी तेवढा वेळ क्वचितच टिकते.

शेवटचं: सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. चांगला माउंट, एक जादा लेन्स-काच आणि सुरक्षेची दोरी यांच्यासाठी थोडे बाजूला ठेवा. गाडी पलटी मारणार हे नक्की. कॅमेरा वाचेल की नाही, ते याच तीन गोष्टी ठरवतात.